विश्लेषण : ब्रेकवर पैसे वाचवायचे, पण कुठे थांबायचे? ‘लोटस’च्या कॉलिन चॅपमन यांचे आयुष्य काय शिकवते?

रस्त्यावरची स्पोर्ट्स कार रेसिंग ट्रॅकवर नेणाऱ्या बहुतेकांना पहिला दगा इंजिन देत नाही, ब्रेक देतात. चार-पाच फेऱ्या झाल्या की पेडल मऊ पडते आणि गाडी ज्या जागी थांबायला हवी तिथे थांबत नाही. मग मोठ्या डिस्क, महागडे कॅलिपर अशी यादी सुरू होते आणि बजेट कोलमडते. कमी पैशांत यावर उपाय काय, या प्रश्नाला लंडनमधील एका तरुण इंजिनीअरने सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी एक सोपे उत्तर दिले होते. ब्रेक मोठे करण्याआधी गाडी हलकी करा, हे ते उत्तर. त्याच्या जोरावर कॉलिन चॅपमन यांनी ‘लोटस’ ही कंपनी उभी केली आणि फॉर्म्युला वनमध्ये संघांची सात जगज्जेतेपदे मिळवली. मात्र हेच उत्तर टोकाला नेल्यावर काय होऊ शकते, हेही त्यांच्याच गाडीने १९७० मध्ये दाखवून दिले.

कॉलिन चॅपमन कोण होते?

अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन यांचा जन्म १९ मे १९२८ रोजी लंडनजवळच्या रिचमंड येथे झाला. त्यांचे वडील उत्तर लंडनमधील हॉर्न्सी भागात ‘रेल्वे हॉटेल’ चालवत. घर खाऊनपिऊन सुखी होते, पण रेसिंगसारखा छंद पोसावा इतका पैसा नव्हता. दुसरे महायुद्ध संपले त्या सुमारास चॅपमन यांनी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये स्ट्रक्चरल इंजिनीअरिंगला प्रवेश घेतला. पूल, इमारती, कमानी यांच्यावर किती भार येतो आणि तो कमीत कमी सामानात कसा पेलायचा, याचा हा अभ्यास. मोटारींचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतले नाही. मात्र पुढे गाडीकडे पाहण्याची त्यांची नजर पूल बांधणाऱ्याचीच राहिली. भार कुठून कुठे जातो ते पाहायचे आणि ज्या लोखंडावर भार नाही ते काढून टाकायचे.

कॉलेजमध्ये असतानाच एका मित्रासोबत त्यांनी जुन्या गाड्यांचा धंदा सुरू केला. युद्धानंतर नव्या गाड्या मिळत नसल्याने जुन्यांना चांगला भाव होता. पण १९४७ मध्ये ब्रिटिश सरकारने खासगी वाहनांसाठीचा पेट्रोलचा मूलभूत कोटा बंद केला आणि बाजार एकदम कोसळला. मिळेल त्या भावाला गाड्या विकाव्या लागल्या, कमावलेले गेले. शेवटी हातात एकच न खपणारी गाडी उरली, जुनी ‘ऑस्टिन सेव्हन’. लोटसचा इतिहास या उरलेल्या गाडीपासून सुरू होतो.

पहिली गाडी कशी तयार झाली?

चॅपमन यांची मैत्रीण आणि पुढे पत्नी झालेल्या हेझल विल्यम्स यांच्या आईवडिलांच्या घरामागे एक गॅरेज होते. तिथे चॅपमन यांनी ऑस्टिनची बॉडी उतरवली आणि प्लायवूड व ॲल्युमिनियमची नवी, हलकी बॉडी बनवली. विमानबांधणीत वापरली जाणारी ही पद्धत होती. विद्यापीठाच्या हवाई तुकडीत चॅपमन विमान चालवायला शिकले होते आणि पदवीनंतर काही काळ ते हवाई दलातही होते. १९४८ मध्ये तयार झालेल्या या गाडीला त्यांनी लोटस हे नाव दिले. कमळाचे हे नाव का, हे त्यांनी कधीच उघडपणे सांगितले नाही.

ऑस्टिन सेव्हन निवडण्यामागे हौस कमी आणि नाइलाज जास्त होता. ब्रिटनमध्ये या गाड्या लाखोंच्या संख्येने विकल्या गेल्या होत्या. त्यामुळे त्यांचे सुटे भाग कुठल्याही भंगारात मिळत. कमी पैशांत रेसिंग करू पाहणाऱ्यांचा ‘७५० मोटर क्लब’ हा याच गाडीभोवती उभा होता. पण या गाडीची एक दुखरी बाजू होती, ती म्हणजे ब्रेक. पेडल दाबल्यावर केबल ओढली जाई आणि ड्रममधील शू घासत. जुन्या सायकलीची ब्रेकची तार सैल पडल्यावर जे होते, तेच इथे व्हायचे. तार ताणली जाई, चारही चाकांवर सारखा जोर येत नसे आणि गाडी एका बाजूला ओढत असे.

त्या काळच्या हौशी मंडळींचा नेहमीचा उपाय म्हणजे दुसऱ्या गाडीचे हायड्रॉलिक ब्रेक काढून ऑस्टिनला बसवणे. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये तारेऐवजी बंद नळीतले तेल जोर पोहोचवते. बंद तेलातला दाब सगळीकडे सारखाच असल्याने डाव्या-उजव्या चाकांवर सारखा जोर येतो. ब्रेक पहिल्यापेक्षा कमी खर्चात चांगले करण्याचा हा तेव्हाचा मार्ग. चॅपमन यांनी मात्र त्याआधीची पायरी पाहिली.

वजन कमी झाले की ब्रेक चांगले का होतात?

ब्रेक गाडी थांबवतो म्हणजे नेमके काय करतो? तो गाडीच्या वेगातील ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतो. ही ऊर्जा वजनाच्या सरळ प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते.

आकड्यांत पाहू. १,००० किलोची गाडी ताशी १६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यात सुमारे १० लाख जूल ऊर्जा असते. ती पूर्ण थांबवली तर जी उष्णता तयार होते, तेवढ्यात साधारण तीन लिटर साधे पाणी उकळीला येईल. हे सारे चार-पाच सेकंदांत, चार डिस्क किंवा ड्रममध्ये घडते. रस्त्यावर असा ब्रेक क्वचितच लागतो. ट्रॅकवर तो प्रत्येक फेरीत अनेकदा लागतो आणि मधल्या काही सेकंदांत ब्रेकला थंड व्हायला वेळ मिळत नाही. मोठा घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसणाऱ्याला जो जळका वास येतो, त्याचेच हे तीव्र रूप आहे.

आता गाडी ५०० किलोची केली तर? उष्णता निम्म्यावर येते. ब्रेक तेच, पण काम अर्धे. शिवाय हलक्या गाडीला तोच वेग गाठायला लहान इंजिन पुरते, वळणावर टायर कमी झिजतात आणि पेट्रोलही कमी लागते. मोठे ब्रेक बसवल्यावर फक्त थांबणे सुधारते. वजन काढल्यावर सगळेच सुधारते आणि त्यासाठी पैसे जवळजवळ लागत नाहीत. चॅपमन यांच्या पुढच्या सर्व गाड्यांचा पाया हाच हिशेब होता.

२५ पौंडांत कंपनी कशी उभी राहिली?

हवाई दलातून बाहेर पडल्यावर चॅपमन ‘ब्रिटिश ॲल्युमिनियम’ कंपनीत इंजिनीअर म्हणून नोकरी करत होते. गाड्यांचे काम रात्री आणि सुटीच्या दिवशी चाले. १ जानेवारी १९५२ रोजी त्यांनी ‘लोटस इंजिनीअरिंग’ सुरू केली. वडिलांच्या हॉटेलमागचे जुने तबेले हा कारखाना आणि हेझल यांच्याकडून घेतलेले २५ पौंड हे भांडवल. १९५४ मध्ये दोघांचे लग्न झाले.

त्याच १९५२ मध्ये आलेली ‘मार्क सिक्स’ ही विक्रीसाठी बनवलेली पहिली लोटस. बारीक नळ्या त्रिकोणांत जोडून केलेला सांगाडा आणि वर ॲल्युमिनियमचा पत्रा, एवढीच ती गाडी. रेल्वेच्या पुलाचे तुळयांचे त्रिकोण आठवले तर हा सांगाडा डोळ्यासमोर येईल. कंपनी गाहकाला सांगाडा आणि काही खास भाग देई. इंजिन, ॲक्सल, ब्रेक हे गाहकाने एखाद्या जुन्या फोर्डमधून काढून आणायचे. शंभरहून अधिक गाड्या अशा बनल्या.

इथे बजेट ब्रेकचे गणित फार सुंदर जमत होते. फोर्डच्या त्या साध्या कौटुंबिक गाडीचे वजन ७०० किलोंहून अधिक, तेही चार माणसे बसण्याआधीचे. तेच ड्रम ब्रेक जेव्हा साडेचारशे किलोंच्या आसपासच्या मार्क सिक्सला लागत, तेव्हा त्यांच्यावरचा भार आपोआप कमी होई. ब्रेकला हातही न लावता ब्रेक सुधारत. गाहकाने त्यासाठी वेगळा एकही पैसा दिलेला नसे.

सुट्या भागांत गाडी विकण्यामागे कराचेही कारण होते. ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर लागे, सुट्या भागांच्या संचावर लागत नसे. १९५७ मध्ये आलेली ‘लोटस सेव्हन’ याच वाटेने हजारो मध्यमवर्गीय तरुणांच्या गॅरेजमध्ये पोहोचली. संचासोबत जोडणीची पुस्तिका दिली तर कर लागतो म्हणून गाडी सुटी कशी करावी याची पुस्तिका दिली जाई आणि गाहक ती उलटी वाचत, असा किस्सा आजही सांगितला जातो. सेव्हनचे हक्क १९७३ मध्ये ‘केटरहॅम’कडे गेले आणि ती गाडी बदलत्या रूपांत आजही बनते.

डिस्क ब्रेक कधी आले?

हलकेपणाचा उपाय एका मर्यादेपर्यंतच चालतो, हे चॅपमन यांना ठाऊक होते. ड्रम ब्रेक बंद डब्यासारखा असतो, आतली उष्णता बाहेर पडायला वाट नसते. तापल्यावर ड्रम फुगतो, शूपासून लांब जातो आणि पेडल खोल जाते. डिस्क मात्र उघडी असते, वारा तिला लागत राहतो. तापून ती फुगली तरी पॅडच्या दिशेने फुगते. १९५३ मध्ये डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने ल मान्स येथील २४ तासांची शर्यत जिंकली आणि रेसिंगच्या जगात ड्रमचे दिवस भरले.

चॅपमन यांनी १९५६ च्या ‘लोटस इलेव्हन’मध्ये यावर केलेली विभागणी आजच्या बजेटवाल्यांनीही पाहण्यासारखी आहे. एकाच गाडीचे वेगवेगळे प्रकार होते. हौशी क्लब शर्यतींसाठीच्या स्वस्त प्रकाराला ड्रम ब्रेक आणि साधा मागचा ॲक्सल. लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठीच्या ‘ल मान्स’ प्रकाराला डिस्क ब्रेक आणि महागडे सस्पेन्शन. दहा-पंधरा मिनिटांच्या शर्यतीत जे ब्रेक पुरतात ते २४ तास पुरत नाहीत, म्हणून खर्च तिथेच जिथे उष्णता खरोखर साठते. १९५७ मध्ये ल मान्सला अवघ्या ७५० सीसी इंजिनाच्या इलेव्हनने इंजिनाच्या आकाराच्या तुलनेत सर्वोत्तम कामगिरीचे पारितोषिक पटकावले.

१९६२ मध्ये आलेल्या रस्त्यावरच्या ‘एलान’ला तर चारही चाकांना डिस्क होत्या. तीही सुमारे ७०० किलोंचीच गाडी आणि तिच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये ट्रायम्फ कंपनीच्या गाड्यांचे तयार भाग वापरले होते. जे दुकानात मिळते ते नव्याने बनवायचे नाही, हा चॅपमन यांचा खाक्या कायम होता.

फॉर्म्युला वनमध्ये हे तंत्र कुठे पोहोचले?

लोटसचा संघ १९५८ मध्ये मोनॅको येथे फॉर्म्युला वनमध्ये उतरला. १९६२ च्या ‘लोटस २५’मध्ये चॅपमन यांनी नळ्यांचा सांगाडाच काढून टाकला आणि पत्र्याच्या पेटीसारखी एकसंध बॉडी आणली. ती आधीपेक्षा हलकी आणि कितीतरी अधिक ताठ होती. स्कॉटलंडच्या जिम क्लार्कने लोटसमधून १९६३ आणि १९६५ चे जगज्जेतेपद मिळवले. १९६५ मध्येच त्याने अमेरिकेतील इंडियानापोलिस ५०० ही शर्यतही जिंकली.

पण हलकेपणाची दुसरी बाजूही सोबत चालत होती. १९६० मध्ये बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर सरावात स्टर्लिंग मॉसच्या लोटसचे मागचे चाक निखळले आणि तो गंभीर जखमी झाला. त्याच दिवशी माइक टेलर या चालकाच्या लोटसचा स्टिअरिंग कॉलम तुटला आणि त्याची फॉर्म्युला वन कारकीर्द तिथेच संपली. लोटस वेगवान असते, पण नाजूक असते, ही ओळख तेव्हापासून चिकटली. एप्रिल १९६८ मध्ये जर्मनीत हॉकेनहाइम येथे फॉर्म्युला टूच्या शर्यतीत जिम क्लार्कचा मृत्यू झाला. त्या अपघातामागे टायरमधील हवा गेल्याचा संशय व्यक्त झाला. चॅपमन यांनी केवळ चालक नाही, जवळचा मित्र गमावला होता.

१९६९ मध्ये बार्सिलोनात एकाच शर्यतीत ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्या लोटसचे उंच खांबांवरचे मागचे पंख मोडले. रिंट जखमी झाला. त्यानंतर त्याने चॅपमन यांना पत्र लिहिले. गाड्या इतक्या वेगवान आहेत की कमकुवत भागांना बळकटी देण्यासाठी थोडे वजन वाढले तरी आपण जिंकू, असा त्याचा आशय होता. गाडी चालवणाऱ्याने गाडी बनवणाऱ्याकडे केलेली ही विनंती होती.

लोटस ७२ चे ब्रेक वेगळे का होते?

१९७० मध्ये चॅपमन आणि मॉरिस फिलिप यांनी ‘लोटस ७२’ आणली. पाचरीसारखा आकार, बाजूला नेलेले रेडिएटर आणि पुढचे ब्रेक चाकांत नव्हे तर गाडीच्या अंगात. अशा ब्रेकना इनबोर्ड ब्रेक म्हणतात.

नेहमीच्या गाडीत डिस्क चाकाच्या हबलाच बसवलेली असते. त्यामुळे डिस्क आणि कॅलिपर यांचे वजन चाकासोबत खड्ड्या-उंचवट्यांवर उडत राहते. हे वजन जितके कमी, तितका टायर रस्त्याला चिकटून राहतो. डिस्क आत नेली की चाक हलके होते, शिवाय ब्रेकची उष्णता टायरपर्यंत जात नाही. कल्पना उत्तम होती. पण आता डिस्क आत आणि चाक बाहेर, मग ब्रेकचा जोर चाकापर्यंत नेणार कोण? त्यासाठी मध्ये एक शाफ्ट आला. पुढच्या चाकाचे संपूर्ण ब्रेकिंग या एका शाफ्टच्या पिळावर अवलंबून होते.

हा शाफ्ट पोकळ होता. इंजिनीअरिंगच्या पुस्तकाप्रमाणे यात चूक काही नाही. पीळ सोसण्याचे काम शाफ्टचा बाहेरचा थर करतो, मधला गाभा जवळजवळ रिकामा बसलेला असतो. शाफ्टच्या निम्म्या व्यासाचे छिद्र मधून पाडले तर वजन २५ टक्क्यांनी घटते, पण पीळ सोसण्याची ताकद फक्त ६ टक्क्यांच्या आसपास कमी होते. कागदावर हा सौदा फायद्याचाच दिसतो. कागदावर न दिसणारी गोष्ट वेगळी असते. आतल्या पृष्ठभागावरचा एखादा ओरखडा किंवा छिद्राचा असमान टप्पा पुरेसा असतो. प्रत्येक ब्रेकगणिक तिथे ताण एकवटतो आणि तडा हळूहळू वाढत जातो. आतला तडा बाहेरून दिसत नाही.

मोंझामध्ये काय घडले?

त्या मोसमात रिंट जबरदस्त फॉर्मात होता. मोनॅको त्याने जुन्या लोटस ४९ मधून जिंकली, मग ७२ मधून नेदरलँड्स, फ्रान्स, ब्रिटन आणि जर्मनी अशा सलग चार शर्यती. ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियाच्या शर्यतीत त्याचा संघसहकारी जॉन माइल्सच्या लोटस ७२ चा पुढचा ब्रेक शाफ्ट तुटला. माइल्सने गाडी कशीबशी सावरली आणि तो बचावला. हा इशारा होता.

तीन आठवड्यांनी, ५ सप्टेंबर १९७० रोजी, इटलीतील मोंझा येथे शनिवारचा सराव सुरू होता. मोंझाचे सरळ पट्टे लांब, त्यामुळे वेग वाढवण्यासाठी रिंटच्या गाडीचे पंख काढले होते. पंख नसलेली गाडी ब्रेक मारताना अधिक अस्थिर होते. पॅराबोलिका या वळणाआधी रिंटने ब्रेक दाबला आणि गाडी एकदम डावीकडे ओढली जाऊन लोखंडी कठड्यावर आदळली. कठडा नीट बसवलेला नव्हता, गाडीचे नाक त्याच्यात घुसले. रिंटने सीट बेल्टचे पायांमधले पट्टे लावलेले नव्हते. आघातात तो खाली घसरला आणि गळ्याला झालेली जखम प्राणघातक ठरली. तो २८ वर्षांचा होता.

तपासणीत पुढच्या उजव्या ब्रेकचा शाफ्ट तुटलेला आढळला. उजव्या चाकाला ब्रेक लागला नाही, डाव्याला लागला, म्हणून गाडी डावीकडे गेली. इटलीतील चौकशीने अपघाताची सुरुवात शाफ्ट तुटण्याने झाली असे मानले, पण मृत्यूचे कारण सदोष बसवलेला कठडा हे ठरवले. कायदेशीर प्रक्रिया अनेक वर्षे चालली आणि शेवटी चॅपमन त्यातून सुटले. १९७१ च्या मोंझा शर्यतीत लोटसची गाडी वेगळ्या संघाच्या नावाने आणि वेगळ्या रंगांत उतरली.

लोटसने पुढची कॅनडाची शर्यत टाळली. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील वॉटकिन्स ग्लेन येथे नवख्या एमर्सन फिटिपाल्डीने लोटस ७२ मधून शर्यत जिंकली आणि रिंटचे गुण जॅकी इक्सला गाठता आले नाहीत. मृत्यूनंतर जगज्जेता ठरलेला रिंट हा आजवरचा एकमेव फॉर्म्युला वन चालक आहे.

त्यानंतर चॅपमन यांचे काय झाले?

लोटस ७२ पुढे १९७५ पर्यंत धावली. तिच्यातून फिटिपाल्डी १९७२ मध्ये जगज्जेता झाला. इनबोर्ड ब्रेक टाकून दिले गेले नाहीत, म्हणजे कल्पना चुकीची नव्हती. चूक होती ती एका भागातून किती धातू काढायचा याच्या हिशेबात. चॅपमन यांनी नंतर गाडीच्या तळाखालच्या हवेचा वापर करून तिला रस्त्याकडे खेचणारी ‘ग्राउंड इफेक्ट’ची रचना आणली आणि १९७८ मध्ये मारिओ अँड्रेटीने त्यातून जगज्जेतेपद मिळवले. त्याच मोसमात, पुन्हा मोंझामध्येच, सुरुवातीच्या गर्दीत झालेल्या अपघातानंतर लोटसच्या रॉनी पीटरसनचा मृत्यू झाला.

अखेरची वर्षे वादाची होती. ब्रिटिश सरकारच्या पैशांवर उत्तर आयर्लंडमध्ये उभ्या राहिलेल्या ‘डिलोरिअन’ कंपनीच्या गाडीचे इंजिनीअरिंग लोटसने केले होते. त्या कामाचे लाखो पौंड परस्पर वळवल्याचा आरोप झाला. १६ डिसेंबर १९८२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने चॅपमन यांचे निधन झाले, तेव्हा ते ५४ वर्षांचे होते. पुढे १९९२ मध्ये त्यांचे विश्वासू आर्थिक सहकारी फ्रेड बुशेल यांना या प्रकरणात तीन वर्षांची शिक्षा झाली. चॅपमन हयात असते तर त्यांना किमान दहा वर्षांची शिक्षा झाली असती, असे न्यायाधीशांनी तेव्हा स्पष्ट केले. गाडीतले अनावश्यक वजन अचूक ओळखणाऱ्या या माणसाला मर्यादा कुठे आहे हे प्रत्येक वेळी ओळखता आले नाही.

आज कमी खर्चात ब्रेक सुधारायचे तर काय करावे?

चॅपमन यांची पहिली पायरी आजही सर्वात स्वस्त आहे. ट्रॅकवर जाण्याआधी मागची सीट, स्टेपनी, जॅक, डिकीतले सामान काढले तरी बरेच किलो कमी होतात. याला खर्च शून्य.

दुसरी पायरी ब्रेक ऑइलची. हे तेल हवेतले पाणी शोषते. डॉट ४ दर्जाचे ताजे तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेल्या तेलासाठी हीच किमान मर्यादा १५५ अंशांची आहे. तेल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दाबला जातो आणि पेडल थेट जमिनीला टेकते. म्हणून ट्रॅकवर जाण्याआधी तेल बदलून नळ्यांतली हवा काढणे, म्हणजे ब्लीडिंग करणे, हा सर्वात कमी खर्चाचा खरा अपग्रेड आहे.

तिसरी पायरी पॅडची. रस्त्याचे पॅड थंडीतही लगेच धरतात, पण फार तापले की त्यांची पकड सुटते. ट्रॅकचे पॅड उलट असतात. थंड असताना ते कमी धरतात, म्हणून रोज ऑफिसला जाण्यासाठी ते योग्य नाहीत. चौथी पायरी हवेची. बंपरमधून डिस्कच्या मध्यभागी हवा नेणारा साधा पाइप मोठे काम करतो. मोठ्या डिस्क आणि कॅलिपरची वेळ यानंतर येते. त्यातही एक गैरसमज आहे. आहे त्या ब्रेकनेच चाक लॉक होत असेल, तर मोठ्या ब्रेकने थांबण्याचे अंतर कमी होत नाही, कारण मर्यादा टायरची असते. मोठे ब्रेक उष्णता जास्त पेलतात, एवढाच त्यांचा फायदा.

मग काटकसर कुठे थांबवायची? सीट, पत्रा, सजावट काढली आणि हिशेब चुकला तर गाडी फार तर हळू धावेल. पण शाफ्ट, होज, हबचे बोल्ट, कॅलिपरचे ब्रॅकेट यांच्याबाबत चूक झाली तर दुसरी संधी मिळेलच असे नाही. हे भाग हलके करू नयेत, भंगारातून आणलेले असतील तर तडे तपासल्याशिवाय बसवू नयेत आणि घरी वेल्डिंग करून तर मुळीच बनवू नयेत. एखादा भाग एकदा तुटला आणि अपघात टळला, तर तोच भाग पुन्हा बसवण्याआधी तो का तुटला याचे उत्तर मिळायलाच हवे. ऑस्ट्रिया आणि मोंझा यांच्यात तीन आठवडे होते.